रेझरवरची अंगठ्याची जागा

बापूंचा रेझर पितळेचा होता, वरून निकेल चढवलेला. माझ्या आठवणीत तो कधीच पूर्ण पांढरा नव्हता. दांड्यावर बारीक खाचा होत्या, पकड सुटू नये म्हणून. त्या खाचा तीन ठिकाणी झिजून सपाट झाल्या होत्या आणि तिथलं निकेल उडालं होतं. एका अंगाला अंगठ्याची जागा, दुसऱ्या अंगाला दोन बोटांची. तिथे आतलं पितळ दिसायचं, पिवळं, आणि रोजच्या हाताने इतकं गुळगुळीत झालेलं की सगळ्या रेझरमध्ये तेवढंच चकाकायचं. बाकीचा भाग मळकट होता. डोक्याच्या कडेला साबण साचून हिरवट रेघ आली होती.

आमचं गाव तापीच्या काठावर. कापूस, केळी, थोडा ऊस. आमचे लोक कधीकाळी गुजरातेतून आलेले. घरात आम्ही आमची गुजरी बोलतो, दाराबाहेर अहिराणी, आणि मला बापूंनी घातलं इंग्रजी शाळेत. म्हणून घरातलं बोलणं इथे मी पुस्तकी मराठीत लिहिते आहे. ते असं नव्हतं. पुष्कळ आखूड होतं, आणि त्यातलं माझं तर फारच आखूड. सहाव्या वर्षापासून मी मिशनच्या बोर्डिंगात होते. सुट्टीत घरी आले की शब्द शोधावे लागायचे, आणि शोधून सापडेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. बापूंना मुलगा नव्हता. मी एकटी. माझ्यावर एवढा खर्च का करतात, हे त्यांना गावात पुष्कळांनी विचारलं. मी कधी विचारलं नाही.

गावात दाढी न्हावी करायचा. वर्षाचं धान्य घ्यायचा आणि चार-पाच दिवसांनी आमच्या ओट्यावर येऊन पेटी उघडायचा. एकदा कापूस विकायला बापू सुरतेला गेले आणि येताना हा रेझर घेऊन आले. न्हाव्याने तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"हाऊ तं वखर शे, बापू," तो म्हणाला. "गाल वखरशात का?"

शेतातलं तण खरवडायचा वखर बापू गालावर फिरवणार, म्हणून ओट्यावरचे सगळे हसले. बापूही हसले. त्यांनी न्हाव्याचं धान्य एक पायलीनेही कमी केलं नाही, पण गाल पुन्हा त्याच्या हातात दिला नाही. त्यानंतर अकरा वर्षं रोज सकाळी ते मागच्या पडवीत, खिडकीत आरसा टेकवून, आपली दाढी आपण करत. सुट्टीत मी तिथेच उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसायचे. आम्ही दोघंही काही बोलायचो नाही. पाण्यात रेझर बुडवल्याचा आवाज, मग गालावरचा खरखर आवाज, मग पुन्हा पाणी. आमच्या दोघांमध्ये जे काही होतं ते एवढंच, आणि मला ते पुरत होतं.

शाळा संपवून मी कायमची घरी आले त्या वर्षी, कापसाची पहिली वेचणी चालू असताना, एका सकाळी तो रेझर त्यांच्या हातातून पडला. मी उंबऱ्यावरच होते. त्यांनी तो उचलला नाही. अर्ध्या तोंडाला साबण तसाच, आणि ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. दुसऱ्या कोणाचा तरी हात आपल्या मांडीवर येऊन पडावा, तसं पाहत होते.

नंदुरबारहून डॉक्टर आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा जाताना काकांनी त्यांना कौतुकाने सांगितलं की आमची मुलगी इंग्रजी शिकलेली आहे. काका म्हणजे बापूंचे धाकटे भाऊ, शेजारच्याच घरात राहणारे. डॉक्टर माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत बोलू लागले. त्यांना वाटलं असेल, शिकलेलं माणूस मिळालं, आता खरं सांगता येईल. हात परत येणार नाही, म्हणाले. बोलणं थोडं सुधारेल. दुसरा झटका कधीही येऊ शकतो आणि तो आला तर काही करता येणार नाही. मी मान हलवत ऐकलं, शाळेत ऐकायचे तसं.

डॉक्टरांची गाडी निघाल्यावर काकांनी विचारलं, "काय म्हणाले एवढं?"

"वेळ लागेल म्हणाले."

"पण हात येईल ना?"

दारात आई उभी होती. आत खाटेवर बापू होते आणि दार उघडं होतं.

"येईल," मी म्हणाले.

त्या घरात खरं काय ते मला एकटीला माहीत होतं, आणि ते अशा भाषेत माहीत होतं जी तिथे कोणालाच कळत नव्हती. ते कोणाला सांगायचं तर आधी माझं खोटं मोडावं लागलं असतं. मी ते मोडलं नाही.

आठवड्याभराने न्हावी आला. पेटी घेऊन खाटेजवळ बसला, वाटीत पाणी मागितलं. बापूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. काकांनी समजावलं, आईने समजावलं. बापूंनी डावा हात उचलून फळीकडे दाखवलं. तिथे रेझर होता. मग त्यांनी माझ्याकडे दाखवलं.

"पोरीने दाढी करायची?" आई म्हणाली. "कोणी पाहिलं तर? तिचं अजून कुठे जमवायचं आहे."

बापूंनी पुन्हा माझ्याकडे दाखवलं.

"दार तरी लावून घ्या," आई म्हणाली, आणि तिनेच जाऊन पुढचं दार लावलं.

पहिल्या दिवशी मी त्यांना दोन ठिकाणी कापलं. ते हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी दांडा चुकीचा धरते आहे. त्या पिवळ्या जागांवर बोटं ठेवली आणि रेझर आपोआप हवा तसा कलला. अकरा वर्षांत त्याने ते शिकून ठेवलं होतं. माझा अंगठा लहान. तो त्या जागेत पूर्ण मावायचा आणि कडेने थोडं पितळ उरायचं. रोज सकाळी त्या उरलेल्या पितळेकडे माझं लक्ष जायचं. उजवा हात चादरीवर पडलेला असायचा, गार, जरासा सुजलेला. आणि त्याची पकड इथे माझ्या हातात असायची.

बापूंची जीभ जड झाली होती. एक शब्द काढायला त्यांना पुष्कळ वेळ लागायचा, म्हणून ते नेमकं जे हवं तेवढंच बोलत. एके दिवशी दाढी झाल्यावर मी रेझर धूत असताना ते म्हणाले, "निकेल."

मला कळलं नाही. मी वाकले.

"निकेल. चढवून आण."

"कशाला, बापू? चांगला चालतोय."

त्यांनी नकाराची मान हलवली. पुढचं वाक्य काढायला त्यांना इतका वेळ लागला की रेझर माझ्या हातात वाळला. "हात आला की," ते म्हणाले, "नवा पाहिजे."

मी "बघू" म्हणाले. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा मी म्हणाले काका नंदुरबारला जातील तेव्हा. काका जाऊन आले. मी रेझर दिलाच नाही, विसरले म्हणाले. मला तो द्यायचा नव्हता. त्यांचा हात जगात आता तेवढ्याच ठिकाणी शिल्लक होता, त्या तीन जागांवर, आणि तेच त्यांना पुसून हवं होतं. ते त्यांना का हवं होतं, तर हात येईल असं मी म्हणाले होते म्हणून. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागणार, आणि ते कारण डॉक्टरांनी माझ्याशी ज्या भाषेत बोलून ठेवलं होतं तिथून मला काढता येत नव्हतं. मी रात्रंदिवस दुसरं कारण शोधत होते. ब्लेड नीट बसणार नाही, कोणी बदलून टाकेल, असली कारणं. बापू शांतपणे ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायचे, "निकेल."

मग एका सकाळी मी साबण लावायला गेले तर त्यांनी हनुवटी छातीला टेकवली. मी थांबले. त्यांनी हनुवटी वर केली नाही. न्हाव्यापुढे भिंतीकडे तोंड फिरवलं होतं तेव्हा ते रागावले होते. या वेळी राग नव्हता. ते नुसते वाट पाहत होते.

त्याच आठवड्यात काकांबरोबर मी नंदुरबारला गेले. स्टेशनच्या बाजूला पॉलिशवाल्याचं दुकान होतं. दारात सायकलींचे हँडल टांगलेले, आत बँडवाल्यांचा एक मोठा कर्णा पडलेला. पॉलिशवाला म्हातारा होता आणि त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. मी रुमालातून रेझर काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो उजेडात धरला.

"चांगला वापरलाय," तो म्हणाला. "नुसता साफ करायचा, का निकेल चढवायचं?"

"साफ केला तर?"

"साफ केला तर साफ होईल. हे पिवळं पिवळंच राहणार. चिंच लावून तुमच्या घरीसुद्धा होईल, मला कशाला पैसे देता."

"आणि निकेल?"

"आहे ते सगळं आधी उतरवायचं. मग घासून सारखं करायचं. मग माल सुरतेला जातो, तिथे निकेल चढतं. आठ दिवस."

मला वाटलं होतं तासाभरात मिळेल. "या जागा," मी म्हणाले, "या राहतील का?"

तो हसला. "ताई, जागा घालवायचेच तर पैसे. त्या ठेवायच्या असत्या तर कोणी इथे आलं असतं का?"

काका दारात उभे राहून विडी ओढत होते. ते म्हणाले, "कर बाबा, नवा करून दे. भाऊने सांगितलंय नवा पाहिजे म्हणून."

पॉलिशवाल्याने माझ्याकडे पाहिलं. रेझर मी आणला होता, म्हणून त्याला मीच सांगायला हवं होतं. नुसता साफ करा, एवढंच म्हटलं असतं तरी झालं असतं. बापूंना चकचकीत दिसला असता. कदाचित ते काही बोललेही नसते.

"नव्यासारखा करा," मी म्हणाले.

त्याने तो कागदात गुंडाळून हँडलांच्या ढिगावर ठेवला.

घरी आल्यावर बापूंनी डोळ्यांनीच विचारलं. मी आठ दिवस म्हणाले. ज्या बाजूने त्यांना हसता येत होतं त्या बाजूने ते हसले. मग रोज सकाळी, ज्या वेळी मी पाणी तापवून आणायचे त्या वेळी, ते डाव्या हाताची बोटं दाखवायचे, आधी पाच, मग वरची. सात. सहा. दाढी वाढत गेली, पूर्ण पांढरी. ती इतकी पांढरी असेल हे मला माहीत नव्हतं, कारण ती वाढलेली मी कधी पाहिलीच नव्हती. काका म्हणाले तोवर न्हाव्याला बोलावू. बापू नाही म्हणाले. मी फळीवरची रिकामी जागा पाहायचे नाही. सकाळी करण्यासारखं काही नसल्यामुळे मी खाटेजवळ जायचंही कमी केलं. ते मला अजून नीट लिहिता येत नाही. रेझर हातात नसला तर त्यांच्याजवळ कशाला बसायचं, हे मला सुचत नव्हतं.

सहाव्या दिवशी त्यांनी दोन बोटं दाखवली. त्याच दुपारी, आई ताटली घेऊन आत गेली असताना, ते गेले.

बाहेर माणसं जमली. काकांनी बापूंच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "याला असा नाही पाठवायचा." न्हाव्याला निरोप गेला. तो आला, पेटी उघडली, वस्तरा चामड्यावर ओढला. त्याने कोणाकडे पाहिलं नाही. बापूंच्या कानाजवळ वाकून हळू म्हणाला, "अकरा वरीस मन्हा हात लागू दिन्हा नही, बापू. आते?"

हनुवटी त्याने दोन बोटांनी वर केली, आणि ती वर झाली. तो फार हलक्या हाताने करत होता. एक थेंब रक्त आलं नाही.

आमच्यात तेराव्या दिवशी सज्जा देतात. मराठीत त्याला शय्यादान म्हणतात. गेलेल्या माणसाला तिकडे लागेल ते सगळं गुरुजींना द्यायचं: खाट, गादी, चादर, धोतर, जोडे, छत्री, तांब्या, आरसा, कंगवा. हे सगळं नवं पाहिजे. काका आदल्या दिवशी नंदुरबारला जाऊन सामान घेऊन आले. आई कोपऱ्यातल्या खोलीत बसलेली होती. नवरा गेलेल्या बाईने त्या दिवसांत बाहेर यायचं नसतं. म्हणून सामान मांडायला मी होते.

ओट्यावर आमच्यातली वडीलधारी मंडळी बसली होती. काकांचं डोकं भादरलेलं, त्यामुळे ते अनोळखी आणि लहान वाटत होते. सगळं मांडून झालं तर छत्री राहिली होती. आणायची विसरले होते. मी आतून बापूंची छत्री आणून दिली. एका म्हाताऱ्याने ती उघडली. कापडाला दोन ठिगळं होती.

"ही देणार?" तो काकांना म्हणाला. "गावात दुकानं नाहीत का?"

"त्याचीच आहे, म्हणून."

"त्याची आहे म्हणून त्याने तिकडेही गळकीच वापरायची का? जन्मभर वापरली ना. ने आत."

दुसरा म्हणाला, "मुंबईला नवी छत्री मिळते म्हणतात, बटण दाबलं की उघडते. ती दे. तिकडे लोक पाहतील."

थोडं हसणं झालं. कोणीतरी शेजारून नवी छत्री आणून दिली. मी बापूंची छत्री घेऊन आत जाऊन आले, तोवर काकांनी सामानाच्या पिशवीतून शेवटचं पुडकं काढलं होतं. कागद मला ओळखू आला नाही. रेझर ओळखू आला नाही.

तो पांढरा शुभ्र होता. त्यात ओट्याचं छप्पर दिसत होतं.

"पॉलिशवाल्याकडून घेऊन आलो," काका म्हणाले. "बरं झालं आठवण राहिली."

म्हाताऱ्याने तो हातात घेतला. "दाढीचा? वा. नवाच आहे."

"ठेवू या," दुसरा म्हणाला. "न्हाव्याला तर तो हात लावू देत नव्हता. तिकडे कोणाकडून करून घेईल?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला विचारलं, एवढं श्रेय मी त्यांना कायम देईन. "ठेवू ना, बेटा? बापूला लागेल."

त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी अंगठा ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला. दांडा सगळीकडे सारखा होता, गार, आणि कुठेच काही नव्हतं. तरी तो मला हवा होता. तोच तो आहे, एवढं मला माहीत होतं, आणि तेवढं मला पुरलं असतं. माझ्याकडे वाक्य होतं: हा जुना आहे. तीन शब्द. छत्रीला जुनी म्हणून परत पाठवलं होतं, याला जुना म्हटलं असतं तर हाही परत आला असता. मीच तो नवा करून आणला नसता तर तोंड उघडायचीही गरज पडली नसती. त्या पिवळ्या जागा पाहून म्हाताऱ्याने स्वतःच म्हटलं असतं, ने आत.

दहा-बारा पुरुष माझ्याकडे पाहत होते. शाळेतून आलेली, इंग्रजी शिकलेली मुलगी काय म्हणते ते पाहत होते.

मी होकाराची मान हलवली.

प्रकाशा गावाहून आलेल्या गुरुजींनी तो उचलला, दांडा फिरवून डोकं सोडवलं, पुन्हा बसवलं. "चांगला आहे," म्हणाले, आणि आरशाबरोबर पिशवीत ठेवला. मग मंत्र झाले. मी पाणी सोडायला लोटी दिली. खाट बैलगाडीत चढवली, तिच्यावर गादी, गादीवर पिशवी. गाडी नदीच्या रस्त्याने गेली.

संध्याकाळी मी आईला भाकरी घेऊन गेले. ती अंधारात बसली होती. बराच वेळ तिने ताटाकडे पाहिलं नाही. मग म्हणाली, "सगळं गेलं?"

"हो."

"छत्री?"

"ती आहे. जुनी होती म्हणून नाही घेतली."

"छत्रीचं काय करायचं." "आणि तो दाढीचा? तो तू ठेवलास ना? मला वाटलंच तू ठेवशील. बाकी काही गेलं तरी चालेल, पण तो नको जायला."

खोलीत दिवा नव्हता. तिला माझं तोंड दिसत नव्हतं.

"ठेवला," मी म्हणाले.

"सांभाळून ठेव."

याला आता पाच वर्षं झाली. आईने तो पाहायला मागितलेला नाही. कधी माझ्या लग्नाचा विषय निघाला, बोलणी फिसकटली की ती एवढंच विचारते, तो आहे ना तुझ्याजवळ? मी आहे म्हणते. मागच्या पडवीत खुंटीला छत्री लटकते आहे. पावसाळ्यात मी तीच वापरते. तिची मूठ लाकडी आहे, आणि तिच्यावर कोणाच्याच हाताची जागा नाही.